रक्ताचं नातं

(मंडळाच्या निधी-संकलनाच्या संध्याकाळी केलेल्या भाषणाचं हे लिखित रूप. वेळेअभावी राहिलेले एक-दोन मुद्दे इथे जोडले आहेत.)



कार्यकारिणीने मला दहा मिनिटं दिली आहेत आणि माझ्यानंतर लगेच नाट्यसंगीत आहे. पडद्यामागे तबला लावणं चालू आहे, तेव्हा तुमचा एक कान तिकडे असणार हे गृहीत धरूनच बोलतो.

मी डॉक्टर नाही. पुण्यात इंजिनिअरिंग केलं आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांसारखा इकडे येऊन कोड लिहितो. आमच्या धंद्यात पहिल्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात भरवतात: प्रत्येक भाग दुसऱ्यापासून वेगळा ठेवा. एकाचं बिघडलं तर दुसऱ्याला त्याची झळ लागता कामा नये. प्रोग्रॅमसाठी हे उत्तमच. पण अमेरिकेत दहा-बारा वर्षं काढली की आपण स्वतःसुद्धा तसेच होत जातो. रिमोटने गॅरेजचं दार उघडतं, गाडी आत, दार बंद. शेजाऱ्याचं नाव आपल्याला कळतं ते चुकून आपल्या पेटीत पडलेल्या त्याच्या टपालावरून. आणि शरीर? लॅपटॉप एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेण्याचं साधन. ते आहे, हे कळतं पाठ धरली की.

मी, माझं शरीर, माझा इन्शुरन्स. या हिशोबाला उभा छेद देणारी एक गोष्ट माझ्या ओळखीची आहे, आणि आजचा निधी तिच्यासाठीच आहे: अस्थिमज्जा, म्हणजे बोन मॅरो.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण तो आपल्या भाषेतच लपलेला आहे. मराठीत हाडाच्या आतली ती अस्थिमज्जा आणि पाठीच्या कण्यातून जाते ती मज्जारज्जू. दोन्हींत ‘मज्जा’ आहे. त्यामुळे ‘बोन मॅरो दान’ म्हटलं की आपल्याकडच्या दहातल्या आठ जणांच्या डोळ्यांसमोर मणक्यात खुपसलेली सुई येते. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही. अस्थिमज्जा हा रक्ताचा कारखाना आहे. मी हे वाक्य बोलेपर्यंत तुमच्या हाडांमध्ये काही कोटी नव्या लाल पेशी तयार झाल्या, कारण वेग सेकंदाला वीस लाखांच्या घरात आहे. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. तेव्हा चार महिन्यांपूर्वी आपण संक्रांतीच्या कार्यक्रमाला भेटलो होतो, तेव्हाचं रक्त आज आपल्यापैकी कुणाच्याच अंगात जवळजवळ उरलेलं नाही.

हा कारखाना बिघडला, म्हणजे ल्युकेमिया झाला, किंवा जन्मतःच तो सदोष असला, जसा थॅलेसेमियात असतो, तर काही रुग्णांना दुसऱ्याचा कारखाना बसवावा लागतो. हे पहिल्यांदा साधण्याचा मान डॉ. डॉनल थॉमस यांचा. १९५६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन या छोट्या गावात त्यांनी जुळ्या भावंडांवर हा प्रयोग केला. १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

जुळं भावंड असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर? तर पत्रिका जुळवावी लागते. मी विनोद करत नाहीये. आपल्या सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाची काही जनुकं असतात. ‘हा आपला, तो परका’ हे शरीर त्यांच्यावरून ओळखतं. डॉक्टर त्यांतली आठ किंवा दहा तपासतात. लग्नाच्या पत्रिकेत छत्तीसपैकी अठरा गुण जुळले तरी गुरुजी होकार देतात. इथे कित्येक वर्षं आठपैकी आठच लागत. एक संच आईकडून येतो आणि एक वडिलांकडून, त्यामुळे सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. दहातल्या साधारण सात रुग्णांना घरात पूर्ण जुळणारं कुणी मिळत नाही.

मग उरतात परके. १९७४ साली लंडनमध्ये शर्ली नोलन या बाईंनी आपल्या लहान मुलासाठी, अँथनीसाठी, अशा परक्यांची यादी करायला घेतली. जगातली ही अशी पहिली यादी. अँथनीला त्या यादीत कुणी सापडलं नाही. १९७९ मध्ये, सातव्या वर्षी, तो गेला. यादी मात्र राहिली. आज जगभरच्या अशा याद्यांत मिळून चार कोटींच्या वर नावं आहेत.

चार कोटी! आता त्यात आपण कुठे आहोत ते बघा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय नोंदवहीच्या आकड्यांनुसार, गोऱ्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता सुमारे ७९ टक्के आहे. आशियाई वंशाच्या रुग्णाला ४७, आणि आफ्रिकन-अमेरिकन रुग्णाला २९. भारताची लोकसंख्या १४० कोटींच्या पुढे गेली, पण तिथल्या नोंदलेल्या दात्यांची संख्या अजून लाखांत मोजली जाते.

का, तर ही जनुकं वंशानुसार येतात आणि आपला वंश म्हणजे एक विहीर नाही, हजारो विहिरी आहेत. हैदराबादच्या सीसीएमबीतल्या आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या मते, सुमारे १,९०० वर्षांपूर्वीपर्यंत भारतातले लोक एकमेकांत भरपूर मिसळत होते. नंतर ते थांबलं आणि प्रत्येक जण आपापल्या जातीतच सोयरीक करू लागला. आमच्या घरी या विषयावर बोलायची चोरी आहे, पण जनुकांना संकोच नसतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की, तुमच्या विहिरीतलं पाणी लागलं तर ते बहुधा तुमच्या विहिरीतच मिळणार, आणि विहिरीतल्या कुणी यादीत नावच घातलं नसेल तर बादली रिकामी वर येणार. इथे जन्मलेल्या, एक पालक मराठी आणि दुसरा पंजाबी किंवा आयरिश, अशा आपल्या मुलांचा शोध आणखी अवघड असतो.

थोडी चांगली बातमीही आहे. प्रत्यारोपणानंतर सायक्लोफॉस्फामाइड हे जुनं औषध देण्याची पद्धत निघाल्यापासून अर्धे गुण जुळणारे आई-वडील, मुलं, किंवा एखाद-दोन गुण कमी पडणारे परके दातेही चालू लागले आहेत. दारं पूर्वीपेक्षा जास्त उघडली आहेत. पण दारात उभं राहायला माणूस लागतोच.

आता मी इथे का उभा आहे ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मेळ्यात मी गालाच्या आतून कापूस फिरवून दिला आणि विसरून गेलो. पुढे एके दिवशी फोन आला. रुग्णाबद्दल तीनच गोष्टी सांगितल्या: बाई, वय ५३, ल्युकेमिया. नाव नाही, गाव नाही. हल्ली बहुतेक दात्यांकडून हाडातून काही काढत नाहीत. पाच दिवस इंजेक्शनं देतात, मूळ पेशी रक्तात उतरतात आणि मग दंडातून त्या गाळून घेतात. इंजेक्शनांच्या दिवसांत अंग मोडून आल्यासारखं दुखलं. कंबर, मांड्या, अगदी छातीचं हाडसुद्धा. एरवी ज्याची आठवणही नसते ते एकेक हाड हजेरी लावत होतं. सहा तास खुर्चीत बसलो, दोन सिनेमे पाहिले आणि तिसऱ्या दिवशी कामावर गेलो.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अरे, आधीच केवढा वाळलायस! आणि कोण ती बाई?” म्हटलं, “माहीत नाही.” “आपल्यातली आहे का?” मी म्हणालो, “आई, आठपैकी आठ जुळलंय. आपल्यातलीच असणार, पण कुठल्या अर्थाने ते देव जाणे.”

प्रत्यारोपण यशस्वी झालं की रुग्णाच्या अंगातलं रक्त दात्याच्या जनुकांचं होतं. रक्तगट वेगळा असला तर तोही बदलतो. म्हणजे कुठल्यातरी गावात एक बाई माझ्या रक्तावर चालत होती, भांडी घासत होती, कदाचित नवऱ्याशी भांडत होती. ‘मी’ नेमका कुठे संपतो, या प्रश्नाचं माझ्याजवळचं उत्तर त्या दिवसांत पार बिघडून गेलं.

दहा महिन्यांनी कळवलं की त्या गेल्या. आजार उलटला होता.

मी आईला सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली आणि मग तिने अगदी सरळपणे विचारलं, “मग तुला सुतक येतं का रे?” मी हसलो नाही. मला उत्तर येत नव्हतं. तिने त्या संध्याकाळी सांगलीत देवापाशी एक निरांजन जास्तीचं लावलं. नाव नसल्यामुळे नुसतंच “त्या बाईंसाठी” म्हणाली.

नंतर वाचनात आलं की गर्भारपणात बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात जातात आणि तिथेच राहतात. १९९६ साली डॉ. डायना बिआंकी यांच्या चमूला बाळंतपणानंतर २७ वर्षांनीही त्या सापडल्या होत्या. म्हणजे मुलगा न्यू जर्सीत आणि त्याच्या पेशी सांगलीत. ‘पोटचा गोळा’ हा शब्द बनवणाऱ्यांना हे कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

एक कडू गोष्ट बोलतो, आणि ती आपल्या सगळ्यांबद्दल आहे. यादीत नाव घालून, फोन आल्यावर माघार घेणाऱ्यांचं प्रमाण आपल्या आशियाई लोकांत गोऱ्या दात्यांपेक्षा जास्त असल्याचं पाहण्यांत दिसलं आहे. कारणं ऐकली आहेत: प्रोजेक्टची डेडलाइन, सासूबाईंची भीती, ग्रीन कार्डचं चाललंय. सुरुवातीलाच नको म्हणणं समजू शकतं. पण प्रत्यारोपणाच्या आधी काही दिवस रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांनी नष्ट करतात. त्यानंतर दात्याने पाय मागे घेतला तर रुग्णाजवळ जुनंही नसतं आणि नवंही नसतं. म्हणून माझं म्हणणं आहे की आज टाळ्या पडल्या म्हणून नाव देऊ नका. घरी जा, बोला, भांडा, आणि मग द्या. पन्नास कच्च्या नावांपेक्षा मला पाच पक्की चालतील.

तर व्यवस्था अशी. नोंदणी १८ ते ४० वयोगटासाठी आहे, आणि नाव ६१ व्या वर्षापर्यंत यादीत राहतं. चाळिशी ओलांडलेल्यांनी वाईट वाटून घेऊ नये, तुमचं काम जास्त मोठं आहे. दात्याला एक पैसा पडत नाही, पण प्रत्येक नमुना तपासायला खर्च येतो. आज जमणाऱ्या रकमेतला अर्धा भाग त्यासाठी आहे. उरलेला अर्धा महाराष्ट्रातल्या थॅलेसेमियाच्या मुलांच्या आणि त्यांच्या भावंडांच्या एचएलए तपासणीला जाईल. ही मुलं दर दोन-चार आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त घेऊन जगतात. ज्यांचं भावंड जुळेल त्यांच्यापुढे कायमचं बरं होण्याची वाट आहे, पण ते जुळतं की नाही हे बघायलाच अनेक घरांत पैसे नसतात.

टेबल लॉबीत आहे, चहाच्या टेबलाच्या अलीकडे. ते मुद्दाम अलीकडे ठेवलंय, कारण कापूस फिरवण्याआधी काही खाऊ-पिऊ नये. तेव्हा आधी आमच्याकडे या, मग बटाटेवडा. चेक मंडळाच्या नावाने लिहा आणि खाली ‘मज्जा’ असं लिहायला विसरू नका. खजिनदारांनी हा शब्द इंग्रजीत कसा लिहायचा ते फळ्यावर लिहून ठेवलंय, कारण मागच्या खेपेस दोन चेकवर ‘मजा’ असं आलं होतं आणि ते करमणूक निधीत जमा झाले.