गोगलगाय कोणती?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात विज्ञान शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणाचे महत्त्व या विषयावर मी बोलावे अशी काहींची अपेक्षा असेल. पण मी बोलणार आहे गोगलगायीवर. घरी ज्याला आपण घोंघा म्हणतो, तोच हा प्राणी. विषय ऐकून मागच्या बाकावर हसू फुटले, ते मला दिसले. हरकत नाही. बोलणे संपेपर्यंत ते हसू टिकले, तर मी हरलो असे समजा.

2022 सालच्या पावसाळ्याची आठवण येथे बसलेल्या प्रत्येक शेतकरी पालकाला असेल. आपला जिल्हा, शेजारचा लातूर आणि बीड, या भागांत सोयाबीन उगवून वर येते न येते तोच शंखी गोगलगायींनी ते रातोरात फस्त केले. सकाळी शेतात जावे तर ओळीच्या ओळी गायब. कित्येकांवर दुबार पेरणीची पाळी आली. पुढे शासनाला नुकसानभरपाई जाहीर करावी लागली.

त्याच दिवसांत नववीच्या वर्गातील एक मुलगी डबीत दोन शंख घेऊन आली. एक मोठा, तपकिरी, उभ्या पट्ट्यांचा, वावरातला. दुसरा लहान, फिकट, बांधावरच्या लिंबाच्या खोडाला चिकटलेला. तिने विचारले, "सर, या दोन्ही एकच का?" मी घाईत होतो. म्हणालो, "दोन्ही गोगलगायीच." त्यावर ती म्हणाली, "मग अब्बांनी लिंबाच्या झाडाभोवतीपण औषध टाकायचं का?"

मंडळी, मी निरुत्तर झालो. वीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने दोन निराळ्या जिवांना एकच नाव देऊन टाकले होते, आणि त्या नावावर एका शेतातला विषाचा निर्णय अवलंबून होता. त्या मुलीला जे उत्तर मी त्या दिवशी द्यायला हवे होते, ते आज येथे देत आहे.

प्रथम पाहू, गोगलगायीला नाव कसे देतात. पूर्वी हे काम केवळ शंख पाहून होत असे. त्याचे कारणही सरळ आहे. मऊ शरीर कुजून जाते, शंख टिकतो. दर्यावर्दी आणि व्यापारी देशोदेशीचे शंख गोळा करून युरोपात नेत आणि तेथील विद्वान रंग, आकार, वळण पाहून नावे ठेवीत. या पद्धतीत किती घोटाळा होतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे आग्नेय आशियातील एक झाडावरची गोगलगाय. तिच्या प्रजातीचे नाव अँफिड्रोमस.

ही प्रजाती आपल्या देशाच्या ईशान्य भागापासून ब्रह्मदेश, थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया असे करीत उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली आहे. तिच्यातील एका जातीला सिल्हेटवरून सिल्हेटिकस हे नाव मिळाले आहे. शंख निमुळता, उंच आणि रंगाने फार सुंदर असतो. पिवळा, हिरवा, पांढरा, कधी तपकिरी पट्ट्यांचा. एकाच जातीत हे सारे रंग सापडतात, त्यामुळे जुन्या संग्राहकांनी एकाच जातीला अनेक नावे देऊन ठेवली.

त्याहून मोठा घोटाळा वळणाचा. एखादा शंख टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून हातात धरा. तोंड उजवीकडे आले तर तो उजव्या वळणाचा, डावीकडे आले तर डाव्या वळणाचा. जगातील बहुतेक गोगलगायी उजव्या वळणाच्या असतात. येथे एक गंमत सांगतो. आपले हिंदू शेजारी ज्या दुर्मिळ शंखाला दक्षिणावर्ती म्हणून मान देतात, तो शास्त्राच्या या मोजणीने डाव्या वळणाचा ठरतो. शंख तोच, धरण्याची रीत निराळी. म्हणून शास्त्रात आधी धरायचे कसे हे ठरवावे लागते, मग नाव.

अँफिड्रोमसच्या काही जातींत डावे आणि उजवे, दोन्ही वळणांचे जीव एकाच झाडावर नांदतात. 1774 साली म्यूलर या डॅनिश शास्त्रज्ञाने त्यांतील एका जातीला उलटी या अर्थाचे इन्व्हर्सस हे नाव दिले. 1850 साली आल्बर्स या जर्मन वैद्याने प्रजातीचे नाव ठेवले, त्याचा अर्थ दोन्हीकडे धावणारी. परंतु याच प्रजातीच्या इतर अनेक जातींत सारेच जीव डाव्या वळणाचे असतात. म्हणजे वळण पाहून जात ठरवावी तर कोठे ते उपयोगी पडते आणि कोठे फसवते.

मग खात्री कशी करावी? शंख बाजूला ठेवून आत पाहावे लागते.

गोगलगायीचे शरीर थोडक्यात समजून घेऊ. पुढे डोके, त्यावर शिंगांच्या दोन जोड्या. वरच्या लांब शिंगांच्या टोकावर डोळे असतात. खाली मांसल पाय, ज्याच्या चिकट स्रावावरून ती सरकते. तोंडात जिभेसारखी एक पट्टी असून तिच्यावर बारीक दातांच्या ओळीच्या ओळी असतात. लोहाराची कानस डोळ्यांपुढे आणा, म्हणजे ही पट्टी समजेल. तिने गोगलगाय अन्न खरवडते. शंखाच्या शेवटच्या वेढ्यात पोकळी असते, तेच फुप्फुस, आणि कडेला श्वासाचे छिद्र. उजव्या वळणाच्या गोगलगायीत हे छिद्र उजवीकडे, डाव्या वळणाच्या गोगलगायीत डावीकडे. केवळ शंखच उलटा असतो असे नाही, हृदयासकट आतली सारी मांडणी आरशातल्यासारखी उलटते.

हे जीव उभयलिंगी आहेत. नर आणि मादी या दोन्हींचे अवयव एकाच शरीरात असतात. शास्त्रज्ञ मद्यार्कात टिकवलेली गोगलगाय सूक्ष्मदर्शकाखाली उघडतो, तेव्हा त्याचे लक्ष मुख्यतः या प्रजननसंस्थेकडे असते. नळीच्या आतील उंचवट्यांची नक्षी कशी आहे, चाबकासारखे शेपूट किती लांब आहे, बीज जिरवणाऱ्या पिशवीचा देठ केवढा आहे, हे तो मोजतो. नेमके हेच अवयव का? कारण ज्यांचा एकमेकांशी संकर होतो, त्यांची जात एक. कुलूप आणि किल्ली जुळावी तसे हे अवयव जुळावे लागतात. रंग एका जातीत दहा असतील, परंतु या अवयवांची घडण सहसा जातीगणिक पक्की असते.

आपल्या देशात या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत गॉडविन-ऑस्टिन हे नाव मोठे आहे. हिमालयाच्या पलीकडील के-टू शिखराला पूर्वी ज्यांचे नाव देत, तेच हे गृहस्थ. सैन्यात मोजणीचे काम करता करता त्यांनी गोगलगायी जमवल्या आणि 1882 पासून भारताच्या जमिनीवरील व गोड्या पाण्यातील मृदुकाय प्राण्यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. त्यात शंखाबरोबर आतल्या शरीराचीही चित्रे आहेत.

हे सारे जुन्या काळचे आणि परक्या मुलुखाचे, असे विद्यार्थ्यांनी समजू नये. 2021 साली आपल्याच राज्यातील सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली येथून गोगलगायीची केवळ नवी जातच नव्हे, तर नवी प्रजाती जगापुढे आली. तिचे नाव वराडिया आंबोलिएन्सिस. सरपटणाऱ्या प्राण्यांचे अभ्यासक वरद गिरी यांच्यावरून प्रजातीचे आणि आंबोलीवरून जातीचे नाव ठेवले गेले. अमृत भोसले, तेजस ठाकरे आणि वेल्समधील बेन रोसन या अभ्यासकांचे हे काम. या गोगलगायीचा शंख इतका लहान की तिचे शरीर त्यात मावत नाही. आंबोलीला दर पावसाळ्यात हजारो लोक धबधबा पाहायला जातात. ही गोगलगाय तेथेच होती. पाहणारे डोळे तेवढे हवे होते.

आतले अवयव पाहिले म्हणजे शेवटचा निकाल लागला, असेही नाही. अँफिड्रोमस ज्या कुळात मोडते, त्या कुळाची ओळख म्हणून प्रजननसंस्थेत चुन्याचा बाण नसणे ही खूण सांगितली जात असे. बाण असणाऱ्यांचे कुळ निराळे मानीत. पुढे डीएनएची तपासणी झाली, तेव्हा ही दोन कुळे एकमेकांत मिसळलेली आढळली. शास्त्रज्ञांनी जुनी रेघ पुसली. चूक दिसल्यावर आपण आखलेली रेघ आपणच पुसणे, हा गुण विद्यार्थ्यांनी गोगलगायीच्या अभ्यासकांकडून जरूर घ्यावा.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो.

वावरातली शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतील. 1847 साली बेन्सन नावाच्या शंखांच्या शौकिनाने मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी कलकत्त्यात सोडल्या, आणि तेथून तिचा आपल्या देशातील प्रसार सुरू झाला. ती उन्हाळा जमिनीत दडून काढते, पावसाळ्यात वर येते, रात्री चरते आणि एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालू शकते. तिचा बंदोबस्त केलाच पाहिजे. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी शेतात ठेवावीत, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी गोळा करून साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. बांधालगत चुन्याचा पट्टा ओढावा. गोगलगायी उघड्या हातांनी उचलू नयेत, कारण त्यांच्यात माणसाला अपायकारक जंत असू शकतात. मुलांना तर हे काम हातमोज्यांशिवाय कधीही देऊ नये. गोळ्यांच्या रूपातील विष वापरायचे झाल्यास कृषी खात्याच्या सल्ल्याने, आणि कुत्री, जनावरे, लहान मुले यांच्यापासून दूर ठेवूनच.

लिंबाच्या खोडावरची लहान गोगलगाय मात्र खोडावरचे शेवाळ आणि बुरशी खरवडून जगणारी. तिने सोयाबीनचे एक पानही खाल्लेले नव्हते. तिच्याभोवती विष टाकण्याचे काही कारण नव्हते.

हा भेद न करण्याची किंमत किती मोठी असते, ते पॅसिफिक महासागरातील मोरेआ बेटावर दिसले. तेथेही आफ्रिकेची हीच गोगलगाय उपद्रव करीत होती. तिला खाऊन टाकील म्हणून 1977 साली अमेरिकेतील एक शिकारी गोगलगाय तेथे सोडण्यात आली. या शिकारी गोगलगायीने मोठ्या आफ्रिकी गोगलगायीचा फडशा पाडण्याऐवजी झाडांवरच्या लहान, निरुपद्रवी पार्टुला गोगलगायी खाल्ल्या. दहा वर्षांच्या आत त्या बेटाच्या रानातून पार्टुलाच्या जवळजवळ साऱ्या जाती नाहीशा झाल्या. काही जाती प्राणिसंग्रहालयांत काचेच्या पेट्यांत वाढवून वाचवल्या गेल्या आणि 2015 पासून त्यांना परत बेटांवर सोडण्याचे प्रयत्न चालू आहेत. हवाई बेटांत असे भाग्य साऱ्यांच्या वाट्याला आले नाही. तेथील झाडावरच्या गोगलगायींच्या एका जातीचा शेवटचा जीव, ज्याला सांभाळणाऱ्यांनी जॉर्ज हे नाव दिले होते, 1 जानेवारी 2019 रोजी मरण पावला. त्याच्यासोबत ती जात संपली.

पालकहो, आपल्या मुलाने चिखलातून काही उचलून आणले आणि "हे काय?" म्हणून विचारले, तर "फेकून दे" म्हणण्याआधी क्षणभर थांबा. हात धुवायला जरूर सांगा, पण प्रश्न धुऊन टाकू नका. उत्तर आपल्याला येत नसेल तर "बघू या" म्हणा. मलाही त्या दिवशी एवढेच म्हणायचे होते, आणि ते मी म्हणालो नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एक काम सांगतो. येत्या पावसाळ्यात आपल्या शेतात, शाळेच्या भिंतीवर, सहलीला गेलात तर येडशीच्या रामलिंग घाटात ज्या गोगलगायी दिसतील, त्यांची नोंद ठेवा. तारीख लिहा, जागा लिहा, कोणत्या झाडावर की जमिनीवर ते लिहा. शंख वर धरून वळण पाहा, चित्र काढा. अभयारण्यातून मात्र काहीही उचलून आणू नका. यासाठी पैसा लागत नाही, एक वही, एक पेन्सिल आणि थोडा धीर पुरे.

त्या मुलीने ही वही त्याच वर्षी सुरू केली. तिच्या पहिल्या पानावर दोन चित्रे आहेत. एकाखाली लिहिले आहे, "वावरातली, पीक खाते." दुसऱ्याखाली, "लिंबावरची, पीक खात नाही." शास्त्रीय नावे तिने कोरी सोडली आहेत. ती जागा भरण्यासाठी तिला पुढे शिकायचे आहे, आणि तिच्या अब्बांनी तसा शब्द तिला दिला आहे.