आमच्या गटाची आवडती तलवारबाजी

आज बचत नाही, हप्ता नाही, कर्जफेड नाही. आज तलवारबाजी! रोवणी आटोपली, हाताला थोडी उसंत आहे. म्हणून गेल्या मासिक बैठकीत हिशेब लिहून झाल्यावर आम्ही ठरवलं, की प्रत्येकीने सिनेमातला आपल्या आवडीचा तलवारीचा एक प्रसंग सांगायचा. "बायांना मारामारीतलं काय समजते?" असं ओसरीवरून कोणीतरी म्हणालंच. पण मंडईच्या नाटकात तलवार निघाली, की डुलक्या घेणारी बाईसुद्धा टक्क जागी होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

सगळ्यात जास्त मतं पडली 'पावनखिंड'ला. दिग्पाल लांजेकरांचा हा सिनेमा 2022 मध्ये आला. त्यात बाजीप्रभू झालेत अजय पुरकर. प्रसंग 13 जुलै 1660 चा. महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटलेले, मागे सिद्दी मसूदची फौज. महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत बाजीप्रभूंनी आणि मावळ्यांनी खिंड अडवून धरायची. इथं शत्रूला हरवायचं नाहीच, फक्त वेळ काढायचा आहे. म्हणून एकेक घाव बघताना जीव वरखाली होतो. दांडपट्ट्यात हात कोपरापर्यंत लोखंडात अडकलेला असतो, मनगट वळत नाही. सगळा जोर खांद्यावर येतो. दिवसभर धान झोडपल्यावर खांदा कसा भरून येतो ते आपल्याला कोणी सांगायला नको.

'तान्हाजी'मधली शेवटची झुंज मोठी आहे, पण आमच्यातल्या अर्ध्या जणींना ती लांबलेली वाटली. संगणकाची करामत जास्त झाली, की भीतीच वाटेनाशी होते. त्यापेक्षा ढाल तुटल्यावर तानाजींनी हाताला शेला गुंडाळून वार झेलले, ही लहानपणापासून ऐकलेली गोष्ट जास्त अंगावर येते.

खरी चर्चा रंगली ती 'बाजीराव मस्तानी'वर. 2015 चा, संजय लीला भन्साळींचा सिनेमा. मारेकरी अंगावर येतात आणि मस्तानी एका हातात तान्हं बाळ धरून दुसऱ्या हाताने तलवार चालवते. एक जण म्हणाली, "हे काही खरं वाटत नाही." तर आमच्या गटातल्या आजी म्हणाल्या, "का बरं? कडेवर पोर अन् डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन मी बारा महिने चालली. पोर असलं की हात आपोआप नेटानं चालते." सगळ्या हसल्या, पण मत आजींच्याच बाजूला गेलं. त्या बाळाचं नाव शमशेर बहादूर. शमशेर म्हणजे तलवार. खरा शमशेर बहादूर पुढे 1761 च्या पानिपतात लढला आणि जखमांनी गेला. एवढं जपलेलं लेकरू!

मस्तानी सोडली, तर आमच्या यादीत हातात तलवार घेतलेली बाईच नव्हती. बाकी ठिकाणी ती ओवाळते, टिळा लावते, दाराशी थांबते. आणि गंमत बघा, 1935 सालीच मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनने 'हंटरवाली' काढला होता. त्यात नादिया राजकन्या झाली. तोंडावर बुरखा बांधून ती दुष्ट प्रधानाच्या माणसांना झोडपते. नादिया जन्माने ऑस्ट्रेलियाची, आणि धोक्याच्या उड्या स्वतःच मारायची. आपल्या आज्यांच्या काळात लोक तिकीट काढून हे बघत होते!

मुलांचं एक सांगून ठेवतो. सिनेमा पाहिला की लेकरं काठ्या घेऊन एकमेकांवर धावतात. त्यांना सांगा, की सिनेमातल्या तलवारीला धार नसते, पावलं मोजून ठरवलेली असतात, आणि तो खणखणाट मागून भरतात. काठी डोळ्याला लागली, तर ते मात्र खरं असते.

आता आमच्या गटातल्या तिघींच्या मुलींना लाठीकाठी शिकायची आहे. शिकवणारी बाई तयार आहे, समाजमंदिराचं अंगणही मिळालं. घरून होकार मात्र एकीचाच आला. उरलेल्या दोन घरी आम्ही पाच जणी सोमवारी सकाळी जाणार आहोत, आजींना सोबत घेऊन.