पन्नास डॉलरचं गाणं



आज 'कंट्री म्युझिक'वर बोलणार म्हटल्यावर काही भुवया उंचावल्या. साहजिक आहे. आपण भीमसेन, लताबाई ऐकत वाढलेली माणसं! आम्ही दोघं टेक्सासमध्ये नोकरीला आलो तेव्हा आम्हालाही ऑफिसच्या वाटेवर लागणारी ती गाणी एकसारखीच वाटायची. मग एका सहकाऱ्याने विली नेल्सनची हकीकत सांगितली आणि आम्ही नीट ऐकायला लागलो.

विलीचा जन्म १९३३चा, टेक्सासमधल्या अ‍ॅबट या छोट्याशा गावातला. आजी-आजोबांनी वाढवलं. लहानपणी कापूस वेचला. सहाव्या वर्षी आजोबांनी हातात गिटार दिली. पुढे दारोदार पुस्तकं विकली, रेडिओवर निवेदन केलं, रात्री बारमध्ये वाजवलं. तरी भागेना, म्हणून 'फॅमिली बायबल' हे आपलं गाणं त्याने अवघ्या ५० डॉलरला विकून टाकलं. १९६० साली ते दुसऱ्याच्या आवाजात गाजलं, पण गीतकार म्हणून विलीचं नावसुद्धा नव्हतं!

त्याच वर्षी तो नॅशव्हिलला गेला. १९६१मध्ये त्याचं 'क्रेझी' पॅट्सी क्लाइनने आणि 'हॅलो वॉल्स' फॅरन यंगने गाजवलं. गीतकार म्हणून नाव झालं, पण त्याचं स्वतःचं गाणं मात्र फारसं चालेना. तो तालाच्या थोडा मागे-पुढे गायचा, तिथल्या गुळगुळीत साच्यात बसायचा नाही. १९७२च्या सुमारास तो टेक्सासला परतला, ऑस्टिनला. १९७५ साली मोजक्या वाद्यांवर 'रेड हेडेड स्ट्रेंजर' हा अल्बम केला. कंपनीतल्या लोकांना तो कच्चा नमुना वाटला. श्रोत्यांनी मात्र डोक्यावर घेतला. तेव्हा विली बेचाळीस वर्षांचा होता. (आम्ही अजून तिशीत आहोत, म्हणजे आशेला जागा आहे!)

त्याची गिटारही पाहण्यासारखी आहे. नायलॉनच्या तारांची मार्टिन, नाव 'ट्रिगर', १९६९पासूनची. खरं तर ती बोटांनी छेडायची. हा पठ्ठ्या पट्टीने वाजवतो. घासून घासून लाकडाला भोक पडलं, तरी त्याने ती सोडली नाही.

आता आजच्या विषयाकडे येतो. सत्तरच्या दशकात अमेरिकेत जमिनीचे भाव चढले आणि शेतकऱ्यांनी भरपूर कर्जं काढली. ऐंशीच्या सुमारास व्याजदर भडकले, धान्याची निर्यात घटली, जमिनीचे भाव कोसळले. जमीन विकूनही कर्ज फिटेना. पिढ्यान् पिढ्यांच्या शेतांचे लिलाव झाले, काहींनी जीव दिला. हे ऐकताना आपल्याला विदर्भ आठवल्याशिवाय राहत नाही.

जुलै १९८५मध्ये आफ्रिकेतल्या दुष्काळासाठी झालेल्या 'लाइव्ह एड'मध्ये बॉब डिलन इथल्या शेतकऱ्यांच्या कर्जाबद्दल बोलला. विलीने ते मनावर घेतलं. नील यंग आणि जॉन मेलनकँपला सोबत घेऊन २२ सप्टेंबर १९८५ला, म्हणजे जेमतेम दहा आठवड्यांत, इलिनॉयमधल्या शँपेन इथे 'फार्म एड' उभं केलं. सुमारे ८० हजार माणसं आली.

एका कार्यक्रमाने प्रश्न सुटेल असं विलीला वाटलं होतं. तो सुटला नाही. मग त्याने पुढच्या वर्षीही केला, त्याच्या पुढेही केला. शेतकऱ्यांना घेऊन तो संसदेपुढे बोलायला गेला. अडलेल्यांसाठी फोनची सोय झाली. २०२५मध्ये मिनियापोलिसला 'फार्म एड'ची चाळिशी साजरी झाली, तेव्हा ९२ वर्षांचा विली मंचावर होता.

अडचणीपायी आपली वस्तू मातीमोलाने विकणं म्हणजे काय, हे त्या ५० डॉलरने त्याला शिकवलं असावं, असं आम्हाला वाटतं.

मंडळी, ही पुस्तिका शेतकरी कुटुंबांतल्या मुलांच्या शिक्षणासाठी आहे. 'गेल्या वर्षी दिले होते की!' हे वाक्य आमच्याही तोंडी आलं होतं, खोटं कशाला बोला? पण त्या मुलाची यंदा पुढची इयत्ता आहे, आणि फी यंदाही भरायची आहे. म्हणून आम्ही यंदाही फॉर्म भरलाय. तुम्हीही भरा, आणि पुढच्या वर्षीसाठी आत्ताच नाव लिहून ठेवा.