मानकुर्त : स्मृती हिरावलेल्या माणसाची कथा



माणसाला गुलाम करण्याचे अनेक मार्ग इतिहासाला ठाऊक आहेत. त्याला बेड्या घालता येतात, त्याची जमीन हिरावता येते, त्याला विद्या नाकारता येते. परंतु बेडीतला गुलाम केव्हा तरी बंड करील ही धास्ती धन्याच्या मनात असतेच. ज्याला स्वतःचे नावही आठवत नाही, तो मात्र बंड करीत नाही. मध्य आशियातील तुर्की भाषाकुळाच्या लोकांमधील एका आख्यायिकेत असा गुलाम भेटतो. त्याला ‘मानकुर्त’ म्हणतात.

किर्गिझ लेखक चिंगीझ ऐत्मातोव्ह (१९२८–२००८) यांनी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीतून ही आख्यायिका जगापुढे ठेवली. झुआनझुआन नावाचे आक्रमक युद्धकैद्याचे डोके भादरीत आणि नुकत्याच मारलेल्या उंटिणीच्या कासेचे ओले कातडे त्यावर ताणून बसवीत. या कातड्याला ‘शिरी’ म्हणत. मग त्याला माळरानावर उन्हात टाकून देत. कातडे सुकून डोके आवळीत जाई. उगवणारे केस बाहेर वाट न मिळाल्याने उलटून टाळूत शिरत. बहुतेक कैदी मरत. जो वाचे, त्याला आई-बाप, गाव, नाव काहीच आठवत नसे. असा आज्ञाधारक गुलाम इतरांपेक्षा कित्येक पटींनी मौल्यवान मानला जाई.

नायमान-आना नावाची माता आपल्या हरवलेल्या मुलाच्या शोधात सारोझेकच्या माळावर येते. झोलामान तिला सापडतो, पण ओळखत नाही. तुझे नाव काय, तुझा बाप कोण, असे ती पुनःपुन्हा विचारते. तुझ्या बापाचे नाव दोनेनबाय, असे सांगत राहते. अखेरीस धन्याच्या आज्ञेवरून तोच मुलगा तिच्यावर बाण सोडतो. ती कोसळते तेव्हा तिच्या मस्तकावरचा पांढरा रुमाल पक्षी होऊन उडतो आणि रात्री वाटसरूंना तोच प्रश्न विचारीत फिरतो. तिला जेथे पुरले, त्या जागेला ‘आना-बेयित’, म्हणजे मातेची विश्रांतिभूमी, असे नाव पडले.

१९९० साली तुर्कमेनी दिग्दर्शक खोजाकुली नारलीयेव्ह यांनी या आख्यायिकेवर ‘मानकुर्त’ हा चित्रपट काढला. आईची भूमिका माया-गोझेल आयमेदोव्हा यांनी केली. पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघ विसर्जित झाला. तोवर ‘मानकुर्त’ हा शब्द तिकडच्या वृत्तपत्रांत आणि बोलण्यात रुळला होता. आपली भाषा आणि आपली माणसे विसरलेल्याला लोक मानकुर्त म्हणू लागले होते.

परंतु कादंबरीचा खरा रोख प्राचीन काळावर नाही. तिचा नायक येदिगेय हा कझाक माळावरील एका लहानशा रेल्वे थांब्यावरचा कामगार. आपला वृद्ध मित्र काझानगाप याला आना-बेयितच्या दफनभूमीत पुरावे, एवढीच त्याची इच्छा. तेथे पोहोचल्यावर दिसते ते अंतराळतळाचे काटेरी कुंपण. पहाऱ्यावरचा कझाक अधिकारी त्याच्याशी कझाक बोलायलाही नकार देतो. आणि मृताचा सुशिक्षित मुलगा साबितझान? त्याला बापाचे दफन लवकर उरकायचे आहे. त्याच्या डोक्यावर कोणी शिरी बांधली नव्हती. झोलामानची स्मृती छळाने गेली, म्हणून तो निरपराध. साबितझानला बापाचे नाव ठाऊक आहे, पण त्या नावाचे कर्तव्य नको आहे.

शिरी केवळ कातड्याची नसते. किर्गिझ आणि कझाक लोकांची अरबी लिपी १९२०च्या दशकाच्या अखेरीस जाऊन रोमन आली आणि १९४०च्या सुमारास तीही जाऊन रशियन लिपी आली. आजोबांचे हस्ताक्षर नातवाला वाचता येईना. म्हणूनच कादंबरीतील अबुतालिप हा शिक्षक आपल्या मुलांसाठी आठवणी आणि लोककथा लिहून ठेवतो; आणि त्या लिहिण्यापायीच स्टालिनच्या अखेरच्या दिवसांत पकडला जातो.

बंधु-भगिनींनो, ‘तू कोणाचा?’ हा प्रश्न आपणांस नवा नाही. आपल्या वाडवडिलांना गावच्या वेशीवर तो विचारला जाई तो त्यांची जागा दाखवण्यासाठी. नायमान-आना तोच प्रश्न विचारते ती मुलाला त्याचे माणूसपण परत देण्यासाठी. शब्द तेच, हेतू मात्र उलट. अपमानाच्या भीतीने आपल्यातील काही पालक येथे जन्मलेल्या मुलांना मागचे काहीच सांगत नाहीत. त्यामागची माया मी समजू शकतो. परंतु पहिल्या प्रश्नाच्या भयाने आपण दुसराही प्रश्न पुसून टाकला, तर मुले कोणत्या बळावर उभी राहतील? सोसल्याची स्मृती ही लाज नव्हे. ज्यांनी सोसले आणि झुगारले, त्यांची ती मिळकत आहे.

ऐत्मातोव्ह यांचे वडील तोरेकुल यांना १९३८ साली गोळ्या घालण्यात आल्या. मुलगा मोठा झाला, कीर्तिवंत झाला, दफनभूमीच्या वाटेवरची ही कादंबरी त्याने लिहिली. पण स्वतःच्या बापाची कबर कोठे आहे हे त्याला माहीत नव्हते. बिश्केकजवळच्या चोन-ताश येथील एका रखवालदाराने मात्र गुप्तपणे पुरलेली प्रेते कोठे आहेत हे जाणले होते. मरताना त्याने ते आपल्या मुलीला सांगितले. तिने ते गुपित वर्षानुवर्षे जपले आणि बोलता येण्याजोगा काळ येताच सांगितले. १९९१ साली तेथे शंभरावर माणसांचे अवशेष सापडले. त्यांत तोरेकुल यांच्या नावाचे आरोपपत्रही होते. त्या भूमीला ‘आता-बेयित’, म्हणजे पित्याची विश्रांतिभूमी, असे नाव देण्यात आले. २००८ साली ऐत्मातोव्ह यांनाही तेथेच पुरण्यात आले.

एका साध्या रखवालदाराने मुलीच्या कानात सांगितलेली गोष्ट एका राजवटीच्या मौनाला पुरून उरली. आपणही आज घरी गेल्यावर मुलांना जवळ बसवावे आणि त्यांच्या आजी-आजोबांची नावे, त्यांचे गाव आणि त्यांनी काय सोसले, काय झुगारले ते सांगावे. मुलांनी प्रश्न विचारले, तर टाळू नये.