बाळाची उशी आणि आपली जबाबदारी

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, आयुष्य फौजेत गेलेला हा माणूस तान्ह्या बाळाच्या उशीवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. पण फौजेत एक सवय अंगात मुरते. दारूगोळ्याच्या एखाद्या लॉटमध्ये दोष आढळला, की त्या लॉटचा वापर सगळीकडे थांबवतात. आमच्या युनिटमध्ये तर काही झालं नाही ना, असं तिथे कोणी म्हणत नाही. आज ही सवय घरात आणायची आहे.

हल्ली बारशाला काय काय भेटी येतात, ते आठवा. अंगडी-टोपडी, दुपटी, चांदीचा वाळा हे आहेच. त्याच्या जोडीला डोकं गोल करणारी फोमची उशी येते, मधे खळगा असलेली गुबगुबीत गादी येते. ह्या गादीला लाउंजर म्हणतात. मुलगा-सून परदेशात असतील तर ती तिथून बॅगेत येते. आपण उलट दिशेने मोहरीची उशी नेतो. देणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण मायेने दिलेली वस्तू सुरक्षित असतेच असं नाही.

अमेरिकेत काय घडलं ते सांगतो. बॉपी नावाच्या कंपनीचं नवजात बाळासाठीचं लाउंजर २००४ पासून बाजारात होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये कंपनीने आणि तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मिळून सुमारे ३३ लाख नग परत बोलावले. ह्याला रिकॉल म्हणतात. कारण? डिसेंबर २०१५ ते जून २०२० ह्या काळात त्या लाउंजरशी संबंधित आठ बाळं गुदमरून गेल्याच्या नोंदी होत्या. आता नीट ऐका. ही वस्तू झोपण्यासाठी म्हणून विकली जात नव्हती. बाळ जागं असताना, मोठ्यांच्या नजरेखाली ठेवायची ती वस्तू होती. पण तान्हं बाळ दिवसातला बहुतेक वेळ झोपतं. जिथे ठेवाल तिथे झोपतं. आयोगाचं म्हणणं थोडक्यात हेच होतं.

त्याआधी एप्रिल २०१९ मध्ये फिशर-प्राइसचा रॉक-एन-प्ले हा तिरपा पाळणा परत बोलावला गेला होता. ते सुमारे ४७ लाख नग. जानेवारी २०२३ मध्ये ह्या रिकॉलची पुन्हा घोषणा करावी लागली. तोवर त्या पाळण्याशी संबंधित मृत्यूंचा आकडा शंभराच्या आसपास गेला होता, आणि त्यातले किमान आठ मृत्यू पहिल्या रिकॉलनंतरचे होते. बॉपीचंही तसंच. रिकॉलनंतर आणखी दोन बाळं गेली, आणि जुना माल इंटरनेटवर हातोहात विकला जातो ह्याबद्दल आयोगाला आणि कंपनीला जाहीर आवाहन करावं लागलं. म्हणजे कागदावर हुकूम निघाला तरी वस्तू माळ्यावर, कपाटात, नात्यागोत्यात फिरत राहते.

आता हे होतं कसं, ते समजून घेऊ. तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं आणि मान कमकुवत. सुरुवातीचे काही महिने ते मुख्यतः नाकाने श्वास घेतं. उशीने किंवा तिरप्या गादीने डोकं उचललं गेलं की हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दबते. बाळ कुशीवर कलंडलं तर नाक मऊ कापडात रुततं, सोडलेलीच हवा पुन्हा आत जाते. मोठा माणूस झटकन मान वळवतो, बाळाला ते जमत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आवाज होत नाही. बाळ रडेल, मग आपण धावू, ह्या भरवशावर राहू नका. रडायलाही श्वास लागतो.

डोकं गोल करणाऱ्या उशीविषयी वेगळं सांगतो, कारण ही आपल्या घरातली गोष्ट आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पालकांना स्पष्ट सांगितलं, की बाळाच्या डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नका. फायदा सिद्ध झालेला नाही आणि गुदमरण्याचा धोका आहे. लगेच कोणी म्हणेल, आमच्या आजीने सगळ्यांना मोहरीच्या उशीवर झोपवलं, काय झालं आम्हाला? आजीचा मान ठेवूनच सांगतो. जी मुलं वाचली, तीच आज हे सांगायला आहेत. शिवाय त्या घरात बाळाजवळ सतत कोणीतरी असायचं. आज घरात दोघंच असतात, दोघंही थकलेले. डोकं एका बाजूला चपटं दिसत असेल तर बाळ जागं असताना, समोर बसून, त्याला थोडा थोडा वेळ पालथं ठेवावं, आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.

झोपेचा नियम अगदी साधा आहे. बाळ पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, एकटं. उशी नाही, लोड नाही, मऊ खेळणी नाहीत, सैल पांघरूण नाही. बाळाची जागा आईच्या खोलीत, पण वेगळी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२२ मध्ये हेच पुन्हा सांगितलं. १९९४ मध्ये तिथे बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या दहा वर्षांत झोपेतल्या आकस्मिक बालमृत्यूंचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं. यंत्र नाही, औषध नाही, फक्त झोपवायची पद्धत बदलली.

तिथला कायदाही हलला. मे २०२२ मध्ये दहा अंशांपेक्षा जास्त तिरपे पाळणे आणि पाळण्याच्या कडेला लावायचे गुबगुबीत लोड ह्यांवर बंदी घालणारा कायदा झाला. लाउंजरसारख्या गाद्यांशी संबंधित किमान ७९ मृत्यू २०१० ते २०२२ मध्ये नोंदले गेल्यावर त्यांच्यासाठीही सक्तीचं मानक ठरलं, ते मे २०२५ पासून लागू आहे. पालकांनी कोर्टात दावे लावले. त्यात बहुधा दोन मुद्दे असतात: वस्तूची रचनाच धोक्याची होती, आणि इशारा पुरेसा दिला नव्हता. कंपन्या म्हणतात, आम्ही झोपण्यासाठी विकलीच नव्हती.

आता आपल्या देशाकडे येऊ. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, बेळगावात की हैदराबादेत, कायदा एकच आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. तो जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यात उत्पादन दायित्व हे स्वतंत्र प्रकरण आहे. वस्तू बनवताना राहिलेला दोष, रचनेतला दोष, किंवा योग्य वापराच्या सूचना आणि इशारा पुरेसा नसणं, ह्यांमुळे इजा झाली तर उत्पादकाकडे भरपाई मागता येते. उत्पादकाचा पत्ताच नसेल, किंवा तो भारतीय कायद्याच्या कक्षेबाहेर असेल, तर विक्रेता जबाबदार धरला जाऊ शकतो. भेट मिळालेली वस्तू वापरणाराही ग्राहकच. बाळाच्या वतीने आई-वडील तक्रार करू शकतात.

उशीची किंमत पाचशे रुपये असली तरी भरपाई पाचशेचीच मागायची असं नाही. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत मात्र दोन वर्षांची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. वस्तूचा गैरवापर झाला किंवा तिच्यात फेरफार केला गेला, तर विक्रेत्यावर दावा टिकत नाही, असंही हाच कायदा म्हणतो. खोक्यावर बारीक अक्षरांत झोपण्यासाठी नाही असं लिहायचं आणि जाहिरातीत झोपलेलं बाळ दाखवायचं, हा खेळ तिथेच चालतो. म्हणून बिल, खोका, बॅच क्रमांक आणि जाहिरातीचं चित्र जपून ठेवा. काही विपरीत घडलं तर ती वस्तू धुऊ नका, टाकू नका, परतही पाठवू नका. तीच पुरावा आहे.

आणि दुर्घटना होण्याचीही वाट बघू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक माल परत घ्यायला लावण्याचा अधिकार आहे. मानक न पाळणारे प्रेशर कुकर विकल्याबद्दल २०२२ मध्ये ऑनलाइन बाजारपेठांवर त्यांनी तशी कारवाई केली. खेळण्यांना २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. बाळाच्या उशीसाठीही कोणीतरी मागणी केली पाहिजे. ती आपण, ग्राहकांनी करायची.

शेवटी एक काम सांगतो. आज घरी बाळाचा पाळणा बघा. त्यातली उशी, लोड, लाउंजर काढून ठेवा. रिकॉल झालेली वस्तू असेल तर ती कामवालीच्या बाळाला देऊ नका, शेजाऱ्यालाही नको. कापून, निकामी करून टाका. बाळ कुणाचंही असो, त्याचा श्वास तितकाच नाजूक असतो. सुनेला, लेकीला हे दरडावून सांगू नका, जवळ बसून सांगा.

जय हिंद.