दोन मतांचा मतदारसंघ
(मध्य मुंबईच्या लोकसभा मतदारसंघाच्या इतिहासावरील व्याख्यान)



भायखळा, परळ, नायगाव, दादर, वरळी, धारावी ही नावे आपणांस नवी नाहीत. आपल्यापैकी कित्येकांचे वाडवडील खेड्यातील जाच सोडून याच वस्त्यांत आले. त्यांनी गिरणीत, गोदीत, रेल्वेत आणि नगरपालिकेच्या सफाईखात्यात घाम गाळला आणि चाळीच्या एका खोलीत संसार उभा केला. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत बाबासाहेब राहिले, दादरला त्यांनी 'राजगृह' बांधले आणि दादरच्याच समुद्रकिनारी त्यांच्या देहावर अंत्यसंस्कार झाले. अशा या भूभागाने मतपेटीच्या द्वारा आपणांस काय दिले आणि काय नाकारले, याचा हिशेब आज मांडावयाचा आहे. हा हिशेब मांडताना तीन प्रश्न सतत डोळ्यांपुढे ठेवावे लागतील. मत कोणाला मिळाले? ते कोणत्या नियमाने मोजले गेले? आणि मतदारसंघाची सीमा कोणी आखली?

प्रारंभ १९३७ सालापासून करू. १९३२ च्या पुणे कराराने अस्पृश्यांचे स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघांतील राखीव जागा त्यांच्या वाट्यास आल्या. १९३६ च्या ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि पुढील वर्षी मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत ते भायखळा-परळ विभागातून उभे राहिले. काँग्रेसने त्यांच्यासमोर नामांकित क्रिकेटपटू पळवणकर बाळू यांना उभे केले. बाळू हेही अस्पृश्य समाजातलेच होते आणि त्यांच्या खेळाबद्दल साऱ्या शहराला आदर होता. मतमोजणीत बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. मताचा अधिकार त्या काळी मालमत्तेवर व शिक्षणावर अवलंबून असल्यामुळे आपल्या समाजातील फार थोड्यांना तो होता. तरीही हा विजय का मिळाला? अनेक जागांच्या मतदारसंघात मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची मुभा मुंबई इलाख्यात तेव्हा होती. अल्पसंख्य मतदार एकजुटीने वागला तर त्याच्या मताचे वजन वाढत असे. नियमाचे हे वैशिष्ट्य लक्षात ठेवा, कारण पंधरा वर्षांनी तेच आपल्या हातून निसटले.

१९५१ च्या सप्टेंबरमध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. मुंबई शहर उत्तर हा लोकसभेचा मतदारसंघ दोन सदस्यांचा होता, एक जागा सर्वसाधारण व दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन व समाजवादी पक्ष यांची युती झाली. राखीव जागेसाठी बाबासाहेब व सर्वसाधारण जागेसाठी अशोक मेहता उभे राहिले. काँग्रेसतर्फे नारायण सदोबा काजरोळकर आणि विठ्ठल बाळकृष्ण गांधी हे होते आणि कम्युनिस्टांतर्फे श्रीपाद अमृत डांगे.

निकालाचे आकडे शांतपणे ऐकावेत. गांधी १,४९,१३८, अशोक मेहता १,३९,७४१, काजरोळकर १,३८,१३७, बाबासाहेब १,२३,५७६, डांगे ९६,७५५. ज्याने राज्यघटनेच्या मसुद्याला आकार दिला, तो पुरुष त्याच घटनेखाली झालेल्या पहिल्याच निवडणुकीत १४,५६१ मतांनी पराभूत झाला. या गोष्टीने आजही आपले मन विषण्ण होते. परंतु विषादाने हिशेब सुटत नाही, म्हणून आकड्यांकडे पुन्हा पाहू.

आता नियम निराळा झाला होता. मतदाराला मते दोन होती, परंतु दोन्ही एकाच उमेदवाराला देण्याची मुभा नव्हती. तसे कोणी केले तर त्यातील एक मत बाद ठरत असे. म्हणजे आपल्या मतदाराने आपले पहिले मत निष्ठेने बाबासाहेबांना दिले, तरी तेवढ्याने त्यांचा विजय होणार नव्हता. मित्रपक्षाच्या मतदाराचे दुसरे मत त्यांना मिळणे आवश्यक होते. अशोक मेहतांना काजरोळकरांपेक्षा १,६०४ मते अधिक पडली. मेहतांना मत देणाऱ्या प्रत्येकाने आपले दुसरे मत बाबासाहेबांना दिले असते, तर तेवढ्या मतांवरच ते काजरोळकरांच्या पुढे गेले असते. तसे झाले नाही. युतीचा करार कागदावर झाला होता, पण मतपेटीपाशी तो अर्धवटच पोहोचला. याखेरीज मते कुजविण्याचा, म्हणजे दुसरे मत जाणूनबुजून वाया घालविण्याचा प्रचार झाल्याची तक्रार बाबासाहेब व अशोक मेहता यांनी निवडणूक अर्जाद्वारे केली. न्यायाधिकरणाने तो अर्ज फेटाळला.

१९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत हेच पुन्हा घडले. तेथेही मतदारसंघ दोन सदस्यांचाच होता. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले आणि राखीव जागेवर बाबासाहेब हरले. एका मुंबईतील लाटेचा किंवा एका पक्षाच्या कारस्थानाचा दोष देऊन या दोन्ही पराभवांचा उलगडा होणार नाही. राखीव जागेचा प्रतिनिधी जेव्हा बहुसंख्य समाज निवडतो, तेव्हा त्याला स्वाभिमानी नेत्यापेक्षा सोयीचा उमेदवार अधिक आवडतो. पुणे कराराच्या पोटातील हा दोष बाबासाहेबांनी वारंवार दाखविला होता आणि त्याची झळ त्यांना स्वतःलाच सोसावी लागली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर थोड्याच काळात १९५७ ची निवडणूक आली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने गिरणगाव पेटलेला होता. मध्य मुंबईच्या दोन सदस्यांच्या मतदारसंघातून संयुक्त महाराष्ट्र समितीच्या पाठबळाने दोघे निवडून आले, एक कॉम्रेड डांगे आणि दुसरे फेडरेशनचे जी. के. माने. पाच वर्षांपूर्वी ज्या दोन पक्षांत मते कुजविल्याचा वाद न्यायाधिकरणापर्यंत गेला, त्यांच्याच मतदारांनी आता परस्परांच्या उमेदवारांना दुसरे मत दिले. या वेळी समितीची शिस्त मतपेटीपर्यंत पोहोचली. आपल्या बाजूने त्याच निवडणुकीत नाशिकहून कर्मवीर दादासाहेब गायकवाड व कोपरगावहून बी. सी. कांबळे लोकसभेत गेले. दुसरे मत प्रामाणिकपणे मिळाले तर काय होऊ शकते, याचा हा धडा होय.

परंतु ही पद्धत फार काळ टिकली नाही. आंध्रातील पार्वतीपूरमच्या दोन सदस्यांच्या मतदारसंघात १९५७ साली दोन्ही जागांवर अनुसूचित जमातींचे उमेदवार अधिक मते मिळवून आले आणि व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. राखीव जागेच्या समाजाचा उमेदवार सर्वसाधारण जागाही जिंकू शकतो, हा निकाल १९५९ साली कायम झाला. १९६१ साली कायदा होऊन दोन सदस्यांचे मतदारसंघ रद्द करण्यात आले. १९६२ साली मध्य मुंबईचे दोन तुकडे झाले होते आणि तेथून काँग्रेसचे वि. बा. गांधी व काजरोळकर हेच पुन्हा विजयी झाले.

आता धर्मांतराचा प्रश्न. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता, १९५६ साली तो शिखांना मिळाला. बौद्धांना तो नव्हता. पंजाबराव विरुद्ध डी. पी. मेश्राम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली निर्णय दिला की, ज्याने बौद्ध धम्म स्वीकारला तो हिंदू उरला नाही, म्हणून राखीव जागेवरील त्याची निवडणूक अवैध होय. अस्पृश्यता धर्मांतराने संपत नाही, हे गावचा पाणवठा रोज सांगत होता. परंतु कायद्याच्या पुस्तकात तो माणूस अनुसूचित राहिला नव्हता. हा अन्याय दूर होण्यास १९९० साल उजाडावे लागले. म्हणजे बौद्ध झालेल्या माणसास केंद्रीय कायद्याने चौतीस वर्षे दोन वाटा ठेवल्या होत्या. धम्म लपवून राखीव जागा लढवावी किंवा धम्म उघडपणे सांगून खुल्या जागेवर उभे राहावे.

या कोंडीत आपले नेते निरनिराळ्या मार्गांनी गेले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष लवकरच दुभंगला. फेडरेशनमधून पुढे आलेले रा. धों. भंडारे काँग्रेसमध्ये गेले आणि १९६७ व १९७१ साली मध्य मुंबईतून काँग्रेसतर्फे निवडून आले. १९७४ च्या जानेवारीत मध्य मुंबईत पोटनिवडणूक झाली, तेव्हा दलित पँथरच्या तरुणांनी मतदानावर बहिष्काराची हाक दिली. वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली आणि परळच्या मोर्च्यात भागवत जाधव यांचा बळी गेला. काँग्रेसचे रामराव आदिक शिवसेनेच्या पाठिंब्यासह हरले आणि कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे विजयी झाल्या. मत न देण्याचेही वजन असते, हे त्या निवडणुकीने दाखविले. मात्र ते वजन आपल्या माणसाला सभागृहात बसवू शकत नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट झाले.

१९७७ साली आणीबाणीविरुद्धच्या लाटेत दक्षिण-मध्य मुंबईतून बी. सी. कांबळे निवडून आले. १९८० साली तेथूनच इंदिरा काँग्रेसतर्फे न्यायमूर्ती आर. आर. भोळे आले. हे भोळे १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे कायदेमंडळात गेलेले होते. पुढे १९८२ च्या गिरणी संपानंतर, १९८४ साली देशभर काँग्रेसची लाट असताना, डॉ. दत्ता सामंत अपक्ष म्हणून येथे विजयी झाले. १९८९ साली शिवसेनेचे वामनराव महाडिक आणि १९९१ पासून सलग पाच वेळा मोहन रावले. गिरण्या बंद पडत गेल्या, तसतशी कामगाराची ओळख मागे पडली आणि प्रादेशिक अस्मितेने तिची जागा घेतली.

१९९८ साली मात्र एक लक्षणीय गोष्ट घडली. उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले, अकोल्याहून प्रकाश आंबेडकर, अमरावतीहून रा. सू. गवई आणि चिमूरहून जोगेंद्र कवाडे असे चार रिपब्लिकन एकाच वेळी लोकसभेत गेले. ते चौघेही खुल्या मतदारसंघांतून निवडून आले. काँग्रेसशी झालेला समझोता आणि रिपब्लिकन गटांची तात्पुरती एकी यांमुळे ते साधले. एकी मोडताच हे यशही ओसरले. आणि २०२४ साली, ज्यांनी धारावीच्या राखीव विधानसभा मतदारसंघाचे चार वेळा प्रतिनिधित्व केले त्या वर्षा गायकवाड काँग्रेसतर्फे उत्तर-मध्य मुंबईच्या खुल्या जागेवर विजयी झाल्या.

बंधुभगिनींनो, आता तिसरा प्रश्न, सीमेचा. २००८ च्या पुनर्रचनेत वरळी, शिवडी व भायखळा हे विधानसभा मतदारसंघ दक्षिण मुंबईत आले. दक्षिण-मध्य मुंबईत धारावी, माहीम, वडाळा, सायन-कोळीवाडा, चेंबूर व अणुशक्तीनगर असा समूह झाला. लोकसभेच्या मुंबईतील सहा जागांपैकी एकही राखीव नाही. सीमा आखणाऱ्या आयोगाचा अंतिम आदेश न्यायालयात आव्हान देण्यास घटना वाव ठेवीत नाही. तेव्हा जे बोलावयाचे ते मसुदा प्रसिद्ध झाल्यावर, हरकती व सूचना मागविल्या जातात त्याच वेळी बोलावे लागते. २००८ च्या मसुद्यावर आपल्या किती विहारांनी, किती मंडळांनी लेखी हरकत नोंदविली, याचा विचार प्रत्येकाने स्वतःशी करावा.

राज्याराज्यांतील जागावाटप २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठविण्याची तरतूद ८४ व्या घटनादुरुस्तीने केली होती. म्हणजे नव्या आखणीचा काळ जवळ आला आहे. म्हणून प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतील मतदारयादी वर्षातून एकदा घरोघरी तपासावी. झोपडपट्टी पुनर्वसनामुळे ज्यांचे पत्ते बदलले, त्यांची नावे सर्वप्रथम पाहावीत, कारण यादीतून नाव गळण्याचा धोका त्यांनाच अधिक आहे. आपल्यापैकी काही तरुण वकिलांनी व शिक्षकांनी पुनर्रचनेचा कायदा व नकाशे अभ्यासावेत. आणि कोणाशीही युती करताना आपल्या नेत्यांना एकच प्रश्न विचारावा: मित्रपक्षाचा मतदार आपल्या उमेदवाराला मत देईल याची हमी कोण घेणार आणि कशी?

१९५२ च्या आकड्यांत १४,५६१ मतांची तूट दिसते. ती आपल्या लोकांच्या निष्ठेत नव्हती; ती दुसऱ्या मतात होती. मतदानाची पद्धत बदलली, सीमा बदलल्या, पक्ष बदलले. परंतु दुसऱ्याच्या सद्भावनेवर विसंबलेले प्रतिनिधित्व किती ठिसूळ असते, हे सत्य बदललेले नाही. ते ओळखून आपली मते मोजण्याचे, राखण्याचे व जोडण्याचे काम निवडणुकीच्या वर्षापुरते न करता दरवर्षी करणे, हे आपले कर्तव्य होय.

जय भीम.