युद्धालाही नियम असतात
24 जून 1859. उत्तर इटलीत सोल्फेरिनो इथं घनघोर लढाई झाली. हजारो जखमी शेजारच्या कास्तिलिओने गावात आणले गेले. चर्चमध्ये सैनिक तहानेनं तळमळत होते. गावातल्या बायका पाणी आणि पट्ट्या घेऊन धावल्या. आपला-परका असा भेद त्यांनी केला नाही. त्यांच्यासोबत राबलेल्या आंरी द्युनां या स्विस व्यावसायिकानं पुढे पुस्तक लिहिलं. त्यातूनच रेड क्रॉसची चळवळ उभी राहिली आणि 1864 मध्ये पहिला जिनिव्हा करार झाला.

आज 1949 चे चार जिनिव्हा करार जगातल्या सर्व देशांनी मान्य केले आहेत. जखमींवर उपचार करायचे, कैद्यांना माणुसकीनं वागवायचं, नागरिकांना लक्ष्य करायचं नाही. समोरच्यानं नियम मोडले, म्हणून आपल्याला मोकळीक मिळत नाही.

भारतात हे करार लागू करण्यासाठी 1960 चा कायदा आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा लाल क्रॉस हे रणभूमीवरचं संरक्षणाचं चिन्ह आहे. दवाखान्याच्या पाटीवर किंवा गाडीवर ते परवानगीशिवाय लावणं हा या कायद्यानुसार गुन्हा ठरतो. आपल्या परिसरात असं चिन्ह दिसलं, तर ते काढायला जरूर सांगा. त्याचा मान राहिला, तरच रणांगणावर त्याच्या आधारानं जीव वाचतील.